राहिलेल्या तीन चाली

छापील निकाल 'बरोबरी' असा आहे. तो खोटा आहे.

मासिकाचा तो अंक आमच्या घरी अजून आहे. कागद पिवळा पडला, पण अक्षर स्पष्ट आहे: कुंभकोणचे अमुक आणि साताऱ्याचे अमुक यांच्यात टपालाने चाललेला बुद्धिबळाचा डाव उभयतांच्या संमतीने बरोबरीत सुटला. कुंभकोणचे अमुक म्हणजे माझे यजमान. त्यांनी त्या डावातली एकही चाल स्वतः काढलेली नाही. चाली माझ्या होत्या, आणि माझी संमती कुणी विचारली नव्हती. डाव मी जिंकला होता, फक्त तीन चाली राहिल्या होत्या.

इतकी वर्षे मी हे लिहिले नाही, कारण घरात कामे असतात. पण गेल्या महिन्यात यजमानांचे एक जुने कचेरीतले स्नेही जेवायला आले. पान खाता खाता ते म्हणाले, "तुम्ही टपालानं डाव खेळायचात ना हो? साताऱ्याच्या कुणा मामलेदाराशी? काय झालं त्याचं शेवटी?"

"बरोबरी," यजमान म्हणाले. पानाला चुना लावता लावता, अगदी सहज. त्यांना आता ते खरेच वाटू लागले आहे. म्हणून हे लिहिते.

माझे माहेर कुंभकोणजवळच्या साक्कोट्टैचे. आजोबा तंजावरच्या राजवाड्यात शिलेखान्यात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, कारकून होते. राज्य खालसा झाल्यावर ते घरी आले, ते तांबड्या कापडाचा एक पट आणि थैलीभर लाकडी मोहरी घेऊन. वडिलांना त्यांनी शिकवले, वडिलांनी मला. लाडाने नव्हे. दुपारी समोर बसायला दुसरे कोणी नव्हते म्हणून. मी हरले की वडील म्हणत, "पुन्हा मांड." जिंकले तरी तेच म्हणत.

आमच्या घरचा खेळ जुना. त्यात प्यादे पहिल्यापासून एकेकच घर चालते, दोन घरांची उडी नाही. प्यादे पलीकडच्या शेवटच्या घरात पोचले की ज्याच्या घरात पोचले ते मोहरे होते: हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. मागण्याचा प्रश्न नाही, घरच ठरवते. आणि समोरच्याची सगळी मोहरी खाऊन राजा एकटा उरला तर त्याला बुर्ज म्हणतात, डाव तिथेच थांबतो आणि अर्धी जीत धरतात. मात करायची तर त्याच्याजवळ एखादे प्यादे मुद्दाम शिल्लक ठेवावे लागते.

अशा खेळात पटाच्या मधोमध धावत जाण्यात अर्थ नसतो, कारण धावताच येत नाही. म्हणून वडील कडेने सुरुवात करीत. वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर, आणि त्या रिकाम्या घरात उंट. उंट तिथे बसला की पटाच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंतची तिरकी रेघ त्याच्या नजरेत येते. मग तो हलत नाही. मधे दुसऱ्यांनी काय गर्दी करायची ती करावी. मी दुसरी सुरुवात शिकलेच नाही.

यजमान सबकोर्टात नक्कलनवीस होते. त्यांचे अक्षर सुंदर, मोडी आणि बालबोध दोन्ही. इंग्रजीही तसेच. दिवसभर ते इतरांचे कागद उतरून काढीत आणि खाली 'नक्कल अस्सलबरहुकूम' असे लिहून सही करीत. कागदावर रिकामी जागा दिसली की त्यांना चैन पडत नसे. एक रकाना मोकळा राहिला म्हणून त्यांच्या साहेबाने एकदा पूर्ण नक्कल परत केली होती, तेव्हापासूनची ती खोड.

बुद्धिबळ त्यांना बेताचेच येई. माझ्याशी खेळत आणि विसाव्या चालीच्या आत हरत. पण पुण्याहून येणाऱ्या मासिकात टपालाने डाव खेळणाऱ्यांची नावे मागवली, तेव्हा त्यांनी आपले नाव पाठवून दिले. मराठी मुलखातल्या माणसांशी पत्रव्यवहार होईल, हे त्यांना मोठे वाटले. इथे दाराबाहेर पाऊल टाकले की तमिळ, मराठी काय ती घरात. पुण्या-साताऱ्याच्या कुणी आपल्याला मराठीत कार्ड लिहावे याची त्यांना फार हौस.

मासिकाने जोडी लावून दिली: साताऱ्याचे एक पेन्शनर मामलेदार. त्यांचे पहिले कार्ड आले ते अटींचे. डाव विलायती नियमांनी खेळायचा. प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जाऊ शकते. शेवटच्या घरात पोचल्यावर मागाल ते मोहरे. बुर्ज वगैरे जुन्या समजुती नाहीत, मात झाली तरच जीत. पाठवलेली चाल परत नाही. खाली सही. पांढरी मोहरी आमच्याकडे, म्हणजे पहिली चाल आमची.

"काय लिहू?" यजमानांनी विचारले. मी पडवळ चिरत होते.

"वजिराच्या घोड्यापुढचं प्यादं, एक घर."

"दोन जाता येतं आता. विलायती आहे."

"ठाऊक आहे. एकच."

त्यांनी लिहिले. बारा दिवसांनी उत्तर आले. यजमानांनी ते मोठ्याने वाचून दाखवले आणि वाचता वाचता हसले. मामलेदारांनी राजापुढचे प्यादे दोन घरे टाकले होते आणि खाली लिहिले होते: 'आपली चाल पाहून गंमत वाटली. आमच्याकडे मुलेही अशी सुरुवात करीत नाहीत. दाराआड उभे राहून ओटीवरच्या गोष्टी ऐकणाऱ्या बायकांसारखा आपला डाव दिसतो. आपले मराठीही तसेच, आमच्या पणजोबांच्या दप्तरातले. असो.'

"पणजोबांच्या दप्तरातले," यजमान म्हणाले. "म्हणजे चांगलंच की."

"वाचा पुन्हा," मी म्हटले.

त्यांनी पुन्हा वाचले. या वेळी हसले नाहीत. दाराआडच्या बायकांचे वाक्य त्यांनी जरा हळू आवाजात वाचले.

त्या दिवशी मी ठरवले की हा माणूस हरला पाहिजे, आणि याच सुरुवातीने हरला पाहिजे. माझ्या वडिलांना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. त्यांच्या आठवणीसाठी वगैरे नव्हे. मला राग आला होता, आणि रागाला जायला एक जागा मिळाली होती.

डाव असा चाले. कार्ड यायचे. वरच्या कोपऱ्यात इंग्रजांच्या राजाचे डोके, खाली मामलेदारांचे तिरके अक्षर. मी ती चाल वडिलांच्या पटावर मांडायची. पट कोठीघरात तांदळाच्या कणगीवर पसरलेला असे, कारण घरात दुसरी सपाट जागा कुणी मोकळी सोडत नव्हते. येता जाता बघायची. दोन दिवसांत उत्तर ठरायचे. मी तोंडाने सांगायची, यजमान कार्ड लिहून सही करायचे, कचेरीत जाताना पेटीत टाकायचे. मी स्वतः का लिहीत नव्हते असे कुणी विचारील. कार्ड उघडे असते, टपालवाला वाचतो, आळीभर वाचतात. परपुरुषाला बाईच्या हातचे कार्ड गेले असते तर बोभाटा झाला असता. आणि नाव यजमानांचे होते. मला तेव्हा नावाची फिकीर नव्हती. चाल बरोबर गेली की पुरे.

बाविसाव्या चालीला तिरकी रेघ मोकळी झाली. मामलेदार मधोमध इतके गुंतले होते की त्यांना उंटाचा विसर पडला. उंटाने पटाच्या पलीकडच्या कोपऱ्यातला त्यांचा हत्ती घेतला आणि सुखरूप परत आला. उत्तराच्या कार्डावर एवढेच होते: 'नजरचूक.' दाराआडून दिसते हे त्यांना कळले असेल किंवा नसेल.

यजमानांनी ही गोष्ट कोर्टाच्या ओसरीवर सांगितली असावी. त्याच आठवड्यात त्यांचे दोघे सोबती घरी आले. मी कॉफी आणून ठेवली.

"तो उंट तुम्ही पहिल्यापासून राखून ठेवलात की मधेच सुचलं?" एकाने विचारले.

यजमानांनी कॉफी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतली. पुन्हा ओतली. "तसं पाहिलं तर दोन्ही," ते म्हणाले.

"आणि आता पुढं?"

"पुढं काय ते पुढं."

"डोकं आहे हो," दुसरा म्हणाला.

ते गेल्यावर मी म्हटले, "कॉफी फार गार केलीत."

"अग, मग काय सांगू त्यांना? बायकोला विचारून येतो म्हणून?"

"सांगायचं होतंत."

"हसले असते."

"तुम्हाला हसले असते. उंटाला नाही."

आम्ही दोघेही तिथेच थांबलो, आणि ते बरे झाले असे मला तेव्हा वाटले. आता वाटत नाही.

पुढे मोहरी कमी होत गेली. त्यांनी माझे दोन्ही घोडे खाल्ले, मी वजिराला वजीर दिला, हत्ती संपले. शेवटी त्यांच्याजवळ राजा आणि एक प्यादे उरले, माझ्याजवळ राजा, तोच उंट आणि एक प्यादे. हे प्यादे म्हणजे पहिल्या चालीत एक घर सरकलेले, वजिराच्या घोड्यापुढचे. एकेक घर करत ते सातव्या घरात पोचले होते. एक घर पुढे गेले की वजीर, आणि वजीर आला की पाचसहा कार्डांत मात.

ते कार्ड जायच्या दिवशी सासऱ्यांचे श्राद्ध होते. भटजी येऊन बसले होते, वडे तळायचे होते, मी ओल्या वस्त्राने स्वयंपाकघरात. यजमान बाहेरूनच म्हणाले, "कार्ड लिहून ठेवतो. काय?"

"प्यादं शेवटच्या घरात," मी म्हटले.

एवढेच म्हटले. इथे माझी चूक आहे, आणि ती मी लपवणार नाही. विलायती नियमात मोहरे मागावे लागते, नाव घ्यावे लागते. पण आमच्या घरी कधी कुणी नाव घेतलेच नव्हते. प्यादे पोचले म्हणजे पोचले, पुढचे घर ठरवते. वजीर हा शब्द माझ्या मनात होता, तोंडात आला नाही, आणि तो राहिला हे मला कळलेही नाही.

यजमानांना कळले. कार्डावर 'प्यादे शेवटच्या घरात' एवढे लिहिल्यावर पुढे जागा रिकामी दिसली. त्यांनी ती भरली. कुणाचे घर? घोड्याचे. माझ्या वडिलांच्या समोर बसून त्यांनी चारदा पाहिलेले होते. सुंदर अक्षरात लिहिले: 'घोडा झाले.' सही केली आणि पेटीत टाकून श्राद्धाला बसले.

बारा दिवसांनी मामलेदारांचे कार्ड. 'आपण वजीर सोडून घोडा मागितलात. तंजावरकडचे औदार्य ऐकून होतो, आज पाहिले.'

मी कार्ड वाचले, पुन्हा वाचले, आणि यजमान कचेरीतून येऊन पाय धुऊन बसेपर्यंत थांबले.

"घोडा कुणी लिहिला?"

"मी. तू नाव घेतलं नव्हतंस. घोड्याचं घर ना ते?"

"आपला डाव विलायती आहे."

"मग घोड्याच्या घरात घोडा नाही होत?"

"मागाल ते होतं. पहिल्याच कार्डावर लिहिलं आहे. ते कार्ड तुम्हीच मला वाचून दाखवलंत."

त्यांचा चेहरा उतरला. "मग तसं सांगायचं होतंस."

"विचारायचं होतंत. मी चार हातांवर होते."

"सोवळ्यात होतीस, भटजी समोर बसलेले. तिथं येऊन वजीर की घोडा विचारू?"

"मग कार्ड ठेवून द्यायचं होतंत. एका दिवसानं साताऱ्याला कोण मरत होतं?"

"अर्धा कागद पाठवायचा?" ते म्हणाले, आणि त्यांना खरोखरच ते अशक्य वाटत होते. मग जरा वेळाने, "मी लिहितो त्यांना. नजरचूक म्हणतो. सभ्य माणूस आहे, ऐकेल."

"त्या माणसाकडं काही मागायचं नाही."

"मग?"

"मग घोडा. दुसरं काय आहे आता?"

तो राग मला आठवतो. आरडाओरड मी केली नाही, माझी ती पद्धत नव्हे. पण त्या संध्याकाळी मी पितळेची सगळी भांडी खाली काढून चिंचेने घासली, आणि त्यांतली निम्मी आधीच घासलेली होती.

आता प्रश्न असा होता की राजा, उंट आणि घोडा एवढ्यावर उघड्या राजाला मात होते का? घरच्या खेळात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. राजा एकटा उरला की आमचा डाव थांबे. वडिलांनी मला हे शिकवले नव्हते, कारण त्यांनाही त्याची गरज पडली नव्हती. पुस्तक जवळ नव्हते. मी दुपारी जेवणे आटोपली की पट काढून बसे, आणि सुटीच्या दिवशी यजमानांना समोर बसवी. ते राजा घेऊन पळत, मी मागे.

"मारतेस की नुसती पळवतेस?" ते विचारीत.

"पळा तुम्ही."

तीन आठवडे मी त्यांना कोपऱ्यात कोंडत होते आणि प्रत्येक वेळी ते निसटत होते. कोपऱ्यापर्यंत राजा येई, आणि तिथे उंट काही करू शकत नसे. कारण समोर होते, दिसत नव्हते. आमचा पट जुना, एकरंगी. तांबडे कापड, त्यावर पिवळ्या दोऱ्याची घरे. विलायती पटावर घरे काळी-पांढरी असतात, आमच्यावर नाहीत. मी यजमानांच्या पानाच्या डब्यातला चुना घेतला आणि एक सोडून एक घरात बोटाने ठिपका दिला. मग दिसले. उंट जन्मभर एकाच रंगाच्या घरांतून चालतो. चार कोपऱ्यांपैकी ठिपक्याचे दोनच त्याचे. राजाला त्याच्या कोपऱ्यात नेले तर मात, दुसऱ्यात नेले तर काहीच नाही. आणि माझ्या उंटाचा एक कोपरा म्हणजे त्याच तिरक्या रेघेचे पलीकडचे टोक, जिथे त्याने हत्ती मारला होता.

"आजोबांचा पट खराब केलास," यजमान म्हणाले.

"डाव तुम्ही खराब केलात."

पण त्या दिवसापासून ते जास्त मन लावून पळू लागले, हेही खरे आहे. सहा आठवड्यांनी त्यांनी कसेही पळावे, मी त्यांना ठिपक्याच्या कोपऱ्यात नेऊन मात करू शकत होते.

तोवर टपालाने मामलेदारांचे शेवटचे प्यादे मी घेतले होते. त्यांचा राजा एकटा उरला. त्याच्या पुढचे कार्ड आले: 'बुर्ज झाला. डाव बरोबरीत समजावा. खेळून आनंद झाला.'

हे कार्ड यजमानांनी मला लगेच दाखवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या मेजावर पाहिले तर मामलेदारांच्या कार्डाशेजारी त्यांचे उत्तर वाळत ठेवलेले. शाई ओली होती. 'आपला निर्णय मान्य. आपल्यासारख्या ज्येष्ठांशी बरोबरी हाच बहुमान.'

"हे जायचं नाही," मी म्हटले.

"अग, बुर्जच आहे ना? तुमच्या घरचाच नियम."

"माझ्या घरच्या नियमानं घोडा केलात तेव्हा तो नियम नव्हता. आता त्यांच्या सोयीला आहे?"

"वयानं मोठे आहेत."

"मोठे आहेत म्हणूनच स्वतःची सही ओळखतील. पहिलं कार्ड काढा."

पहिले कार्ड मी डब्यात जपून ठेवले होते. 'बुर्ज वगैरे जुन्या समजुती नाहीत, मात झाली तरच जीत.' यजमानांनी ते हातात घेऊन बराच वेळ वाचले. मग काय झाले कोण जाणे, कदाचित लेखी पुराव्यासमोर त्यांचा कोर्टातला माणूस जागा झाला. त्यांनी आपले उत्तर बाजूला सारले, नवे कार्ड घेतले, आणि मामलेदारांच्या पहिल्या कार्डाची अक्षरशः नक्कल केली, सहीसकट. खाली लिहिले: 'नक्कल अस्सलबरहुकूम. डाव चालू आहे.' आणि माझी पुढची चाल.

त्या दिवशी ते मला आवडले. तेही लिहायला हवे.

मामलेदारांचे उत्तर एका शब्दाचे आले, 'चालू,' आणि राजाची चाल. पुढची वीस-बावीस कार्डे तेवढीच कोरडी होती. ना गंमत, ना पणजोबा. राजा पळत होता. आधी चुकीच्या कोपऱ्यात गेला, तिथून मी त्याला कडेकडेने ढकलत आणला. जवळजवळ वर्ष लागले. त्या वर्षात थोरलीचे लग्न झाले, घराची कौले उतरून बदलली, मी पंधरा दिवस तापाने पडून होते. कार्ड एकही चुकले नाही. प्रत्येक कार्ड पेटीत पडण्याआधी मी वाचून पाहत होते.

शेवटी अशी वेळ आली: त्यांचा राजा ठिपक्याच्या कोपऱ्यात. माझा राजा त्याच्यावर पहारा देत उभा. उंट दूर वजिराच्या बाजूला पटाच्या कडेला, घोडा दोन उड्यांवर. तीन चाली. त्यांना प्रत्येक वेळी एकच घर मोकळे, त्यामुळे दुसरे काही घडणे शक्य नाही. मी यजमानांना पटावर करून दाखवले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "सुंदर आहे."

त्यांतली पहिली चाल गेली. उत्तर आले नाही. तीन आठवडे, चार आठवडे. मी यजमानांना विचारी, ते म्हणत टपाल उशिरा असेल. सहाव्या आठवड्यात मासिकाचा अंक आला. मी तो कणगीपाशी उभ्यानेच उघडला. उभयतांच्या संमतीने बरोबरी.

यजमान परसात होते. मी अंक घेऊन तिथे गेले.

"संमती कुणी दिली?"

ते माझ्याकडे बघेनात. विहिरीकडे बघत म्हणाले, "मासिकवाल्यांचं पत्र आलं होतं, कचेरीच्या पत्त्यावर. मामलेदारांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलंय. त्यांनी विनंती केली की इथंच बरोबरी धरावी. मला विचारलं, हरकत आहे का."

"आणि?"

"काय हरकत घ्यायची? म्हातारा माणूस. तीन चालींनी काय बिघडतं?"

"तीन चालींनीच बिघडतं."

"डाव तू जिंकलास हे मला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक आहे, म्हणून तर थांबले."

"मग छापायचं तसं."

"अग, नाव माझं आहे तिथं. मी हट्टी, म्हाताऱ्याच्या उरावर बसलो, असं दिसलं असतं."

म्हणजे असे होते. हत्ती मारला तेव्हा नाव त्यांचे. घोडा झाला तेव्हा अक्षर त्यांचे. आणि चांगुलपणा दाखवायची वेळ आली तेव्हा माझी जीत काढून त्यांनी तो दाखवला, कारण ती त्यांच्या नावावर जमा होती. माझे नाव असते तर माझ्यापाशी मागायला यावे लागले असते. मी दिली असती का? नसती. डोळे गेलेल्या माणसाला तीन चाली मोठ्याने वाचून दाखवायला साताऱ्यात कुणीतरी मिळाले असते. मला मोठ्याने वाचून दाखवत होतेच की कुणीतरी.

हे मी त्यांना तसेच्या तसे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग मी आत जाऊन भात उतरवला, पाने वाढली. रागावले म्हणून घरात कुणी उपाशी राहिले नाही. पण त्या दिवशी मी पट गुंडाळला, आणि यजमानांनी पुढे कितीदा म्हटले तरी त्यांच्यासमोर मांडला नाही. माझ्या धाकटीला शिकवले, दुपारी. ती मोहरे मागताना नाव घेते. घोड्याच्या घरात पोचली तरी 'वजीर' असे स्पष्ट म्हणते. तेवढे मी आधी घोटून घेतले.

मामलेदार पुढे वारल्याचे त्याच मासिकात वाचले. मला वाईट वाटले नाही. बरेही वाटले नाही. डाव त्यांच्याशी होता तोवर होता. पुढचे भांडण घरातले आहे.

यजमान आता पेन्शनीत आहेत आणि हात अजून स्थिर आहे. माझे अक्षर घाईचे, छापखान्याला वाचता येणार नाही. म्हणून हा मजकूर स्वच्छ उतरून काढायला मी त्यांनाच देणार आहे. शब्द बदलायचा नाही, आणि भरायला कुठे जागा ठेवलेली नाही. खाली त्यांनी नेहमीप्रमाणे 'नक्कल अस्सलबरहुकूम' असे लिहून सही करावी. राहिलेल्या चाली अशा (पहिली पाठवली होती, तिला उत्तर आले नाही):

पांढरे: घोडा राजाच्या उंटाच्या ओळीत, पाचव्या घरात. काळे: राजा कोपऱ्यातून घोड्याच्या घरात, दुसरे घर नाही.

पांढरे: घोडा राजाच्या हत्तीच्या ओळीत, सहाव्या घरात, शह. काळे: राजा परत कोपऱ्यात, दुसरे घर नाही.

पांढरे: उंट वजिराच्या घोड्याच्या ओळीत, दुसऱ्या घरात, म्हणजे अगदी सुरुवातीला जिथे बसवला होता तिथे. शह आणि मात.